हातांच्या आधी आवाज

चेंडूवर पावलाचा वरचा सपाट भाग नीट बसतो तेव्हा जो आवाज उठतो, त्याला माझ्या कानात रंग आहे. भरीव, गडद, पिकल्या जांभळाच्या सालीसारखा. बुटाच्या टोकाने मारलेला चेंडू निराळा वाजतो. कोरडा, फिकट, वाळल्या शेंगेसारखा. रायपूरच्या हिवाळ्यात सकाळी मैदानावर धुके उतरलेले असते आणि त्या धुक्यात भातगिरण्यांकडून येणारा उकडलेल्या धानाचा गोडसर, किंचित आंबूस वास मिसळलेला असतो. अशा सकाळी चेंडू मारणारा पाय दिसत नाही. आधी आवाज येतो, मग धुके फाटते, मग चेंडू दिसतो. आवाज आणि चेंडू यांच्यामधल्या त्या अवधीत गोलरक्षकाला सारे काही ठरवावे लागते. माझी सगळी नोकरी त्या अवधीत झाली.

मी गोलरक्षक होते. आधी रायपूरच्या मुरमाड मैदानांवर, नंतर करार करून घेणाऱ्या क्लबांसाठी, कोलकात्यात आणि पुढे दक्षिणेत. उजवा खांदा तिसऱ्यांदा निखळला तेव्हा हातमोजे उतरवले आणि गावी परत येऊन मुलींच्या एका अकादमीत गोलरक्षकांची प्रशिक्षक झाले. माझ्या दोन्ही करंगळ्या बाहेरच्या बाजूला वाकलेल्या आहेत. ब्लाऊजचे हूक लावताना त्या अजूनही मदतीला येत नाहीत. एखाद्या रुसलेल्या पाहुणीसारख्या दूर उभ्या राहतात.

आमचे घर तात्यापाऱ्यात, रायपूरच्या जुन्या मराठी वस्तीत. वडील शाळेत मराठी शिकवत आणि गुरुवारी संध्याकाळी घरी पाचदहा मंडळी कविता म्हणायला जमत. वृत्ते मी टाळ्या वाजवून शिकले, आणि ओळ जिथे श्वासासाठी क्षणभर थबकते त्या जागेला यती म्हणतात, हे बाराखडीनंतर लवकरच शिकले. पुढे फुटबॉलच्या मैदानावर हेच ज्ञान कामी येईल असे त्या मंडळींपैकी कुणाच्याही स्वप्नात आले नसते. पण चेंडू मारणाऱ्याचा पाय मागे जातो आणि पुढे यायला लागतो, त्या मधल्या बिंदूवर गोलरक्षकाने संपूर्ण स्थिर व्हायचे असते. पाय जमिनीला, वजन चवड्यावर, हात सैल. त्या क्षणी जो हलत असतो तो हरतो. मी माझ्या मुलींना सांगते, इथे यती आहे. त्यांना शब्द कळत नाही, थांबणे कळते.

बाहेरच्या माणसांना आमचे काम म्हणजे उड्या मारणे वाटते. वर्तमानपत्रात छायाचित्र येते तेही आडव्या झेपेचे. खरे सांगायचे तर झेप ही बहुतेक वेळा आधीच्या चुकीची भरपाई असते. चांगला गोलरक्षक योग्य जागी उभा असतो आणि चेंडू त्याच्या छातीवर आपण होऊन येतो. पाहणाऱ्याला वाटते, यात काय विशेष. चौबे कॉलोनीतले एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले होते. म्हणाले, "हिले धावणं जमत नाही मॅडम. गोलकीपर करून टाका. उभंच तर राहायचं असते." मी त्या मुलीला गोलच्या चौकटीत उभे केले आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाय न ओलांडता सरकायला लावले. आठवडाभराने ती यायची बंद झाली. आज ती पंच आहे आणि मैदानावर बाविसांपैकी कुणाहीपेक्षा जास्त धावते. तिचे वडील मला बाजारात भेटले की नजर चुकवून भाजीवाल्याशी बोलू लागतात.

उभे राहण्याइतकेच महत्त्वाचे आमचे दुसरे काम म्हणजे बोलणे. अकराजणींत एकटी गोलरक्षक अशी असते की जिला सगळे मैदान तोंडासमोर दिसते. बचाव करणाऱ्या मुलींची पाठ तिच्याकडे असते. त्यांच्या पाठीला डोळे नाहीत, ते डोळे गोलरक्षकाने जिभेने पुरवायचे. "पीछे" म्हणजे तुझ्या मागून कुणी येते आहे. "निकाल" म्हणजे विचार न करता चेंडू लांब मारून टाक. आणि सर्वांत मोठा शब्द म्हणजे "छोड़". त्याचा अर्थ, हा चेंडू माझा आहे, मी येते आहे, तू बाजूला हो. हा शब्द एकदाच म्हणायचा, लवकर म्हणायचा आणि असा म्हणायचा की ऐकणारीच्या पायांनी तो डोक्याला न विचारता मानावा. समोर कर्णधार असो, वयाने मोठी असो, मोठी बहीण असो, तेथे दीदी नाही, विनंती नाही.

मागून कुणी येते आहे हे सांगायला जगभर "मॅन" असा एक शब्द आहे. पहिल्या वर्षी आम्ही तोही वापरून पाहिला. सामना चालू असताना आमच्या गोलरक्षकाने तो आरोळी देऊन उच्चारला आणि रेषेबाहेर डबा घेऊन बसलेल्या एक काकू उठून उभ्या राहिल्या. "कौन आदमी घुस गया रे लड़कियों में?" त्या चप्पल हातात घेऊन शोधू लागल्या. तेव्हापासून आम्ही "पीछे"वर आलो.

मला हे बोलणे शिकवले शिबूदांनी. ते रायपूरजवळच्या मानातल्या, बंगाली निर्वासितांच्या वस्तीतले. तरुणपणी कोलकात्यात पगारी फुटबॉल खेळून परत आले होते आणि ज्या काळात मुलीच्या पायात बूट पाहून लोक थांबत, त्या काळात त्यांनी आम्हा चारसहाजणींना मैदानावर उभे केले. ते म्हणत, "हाथ तो सबका होता है. गोलकीपर का जीभ होना चाहिए." माझ्या डोळ्यांवर पंचा बांधून ते दुसरीला चेंडू मारायला सांगत आणि कोणत्या पायाने मारला ते मला आवाजावरून ओळखायला लावत. त्यांनी कधी शाबासकी दिली नाही. चांगला झेल घेतला की ते बिडीचे टोक दातांत फिरवत. त्या हालचालीसाठी मी अंग सोलवटून घेतले आहे. आजही मुरमावर पाणी मारले की त्या ओल्या लाल वासामागून बिडीचा वास येईल असे मला वाटत राहते.

आता कांचनची गोष्ट. माझ्या कामातल्या पुष्कळ मुली मला आठवतात, पण हे काम काय आहे ते जिच्यामुळे मला नव्याने कळले ती ही एक.

कांचन वानखेडे रेल्वे कॉलनीतून सायकलवर यायची. वडील लोको पायलट, म्हणजे इंजिन चालवणारे, मूळचे वर्ध्याकडचे. पहिल्याच दिवशी मी तिचे हात पाहिले आणि मनात म्हटले, अशी बोटे शिकवून येत नाहीत. चेंडू तिच्या हातमोज्यांत येताना आवाज करत नसे. इतरांच्या हातात तो थाडकन बसतो. तिच्या हातात तो विसावायचा, पाखरू फांदीवर यावे तसा. लोखंडाच्या कारखान्यांची काळी भुकटी आमच्या गवतावर सदैव असते, तिने सगळ्यांचे मोजे काळे होत. कांचनचे तेवढे फक्त बोटांच्या पेरांवर काळे होत. चेंडू तळहातापर्यंत पोचायच्या आधीच बोटांनी त्याचा वेग काढून घेतलेला असे.

आणि ती बोलत नसे. मैदानावर अजिबात नाही. मैदानाबाहेर विचारले तर उत्तर हिंदीत आणि इतके हळू की मला पुढे वाकावे लागे.

योग असा की त्याच मोसमात माझा स्वतःचा आवाज गेला. इतकी वर्षे ओरडल्याने घशात गाठी आल्या होत्या. समता कॉलोनीतल्या डॉक्टरांनी आरशात पाहून विचारले, "गाती हैं क्या आप?" मी मान हलवून खुणेने सांगितले की ओरडते. ते म्हणाले, "किस पर?" या प्रश्नाला खूण नव्हती. काही आठवडे मुळीच बोलायचे नाही, असे त्यांनी बजावले.

मी हातांनी शिकवू लागले. बाकीच्या मुलींची त्रेधा उडाली. मी डावीकडे सरक म्हणे तर त्या पाणी आणायला धावत. कांचनला मात्र सारे कळे. बोट थोडे झुकवले की ती पाऊलभर मागे जाई, तळहात उलटा केला की गुडघे मोडी. धुक्यात आम्ही दोघी तासन्‌तास एक अक्षर न उच्चारता काम करत असू आणि शब्द न लागणारी ती कविता मला फार आवडत होती. इतकी, की ही मुलगी एक दिवस बोलायलाच हवी, हा विचार मी रोज उद्यावर टाकत गेले.

दक्षिणेतल्या एका क्लबचे निवडकर्ते तेव्हा आमचे सामने पाहून गेले. त्यांना एक तरुण गोलरक्षक हवी होती. त्यांनी मला बाजूला घेतले. "मैडम, हाथ तो ऐसे हैं कि क्या बोलूँ. लेकिन पीछे से आवाज़ ही नहीं आती. चार डिफेंडर अँधेरे में खेल रहे हैं." लीगच्या शेवटच्या सामन्याला ते पुन्हा येणार होते. तोवर जमले तर कांचन, नाहीतर दुसऱ्या शहरातली एक मुलगी त्यांच्या मनात होती.

त्यानंतरच्याच सामन्यात ते घडले. कोपऱ्यातून एक उंच चेंडू आला. कांचन तो घ्यायला निघाली. निर्णय अचूक, पावले अचूक. आमची कर्णधार सुमित्रा, बचावफळीच्या मधोमध उभी राहणारी धिप्पाड मुलगी, तोच चेंडू डोक्याने मारायला मागे धावली. एका शब्दाने टळले असते. हाडाचा आवाज मी रेषेबाहेर ऐकला, ओल्या फांदीचा. सुमित्राच्या गळपट्टीचे हाड मोडले होते. चेंडू कांचनच्या हातातच होता. तिने तो सोडलाही नव्हता आणि तोंडही उघडले नव्हते.

दवाखान्यात सुमित्राने मला पहिले वाक्य म्हटले ते असे, "ओला झन खिसियाहू, दीदी." तिच्यावर रागावू नका. मग वेदनेने डोळे मिटून म्हणाली, "फेर ओखर मुँह तो खोलवाओ." पण तिचे तोंड तर उघडवा.

बाकीच्या बचावपटू मात्र बिथरल्या. उंच चेंडू आला की त्या आता मागे वळून पाहू लागल्या, आणि जी मागे पाहते तिच्यासमोरून चेंडू निघून जातो. मुख्य प्रशिक्षकांनी सांगितले की शेवटच्या सामन्यात कांचनला खेळवायचे की बाकावर बसवायचे ते मी ठरवावे. म्हणजे तिचा करारही मीच ठरवायचा होता.

मी जे जे सुचले ते केले. रिकाम्या मैदानावर तिला ओरडायला लावले. रिकाम्या मैदानावर ती थोडीफार ओरडे, माणूस समोर आला की गळा मिटे. वडिलांच्या गुरुवारांची आठवण काढून मी तिला टाळ्यांवर कविता म्हणायला लावल्या. तिने सगळ्या पाठ केल्या आणि कुजबुजत, एकही मात्रा न चुकता, म्हणून दाखवल्या. इतर मुली हसून लोळल्या. मीही हसले, पण घशात कळ आली.

शेवटी मी दुपारी तिच्या घरी गेले.

रेल्वे क्वार्टरच्या दारावरच्या घंटीची तार काढून ठेवलेली होती. मी कडी वाजवणार, तोच आतून दार उघडले. कांचनच्या आईने ओठांवर बोट ठेवले आणि माझ्या चपलांकडे पाहिले. मी त्या काढून हातात घेतल्या. आत भात साध्या पातेल्यात रटरटत होता. कुकर कपाटावर, शिट्टी वेगळी काढून. पंखा आणि तो भात सोडला तर घरात काही वाजत नव्हते. आईने अंगठा आणि तर्जनी चोळून कांचनला काही विचारले, कांचनने मान हलवली, डब्यातून मीठ घेतले. आईने तळहात छातीशी नेऊन मला बसायला सांगितले. मी पाहत राहिले. माझ्या ज्या खुणा या मुलीला इतक्या सहज कळत होत्या, त्यांची भाषा मी शिकवलेली नव्हती. ती या घराची मातृभाषा होती.

"हे रात्रीचे गाडी घेऊन आले," आई माझ्या कानाशी म्हणाली. "झोप झाली नाही तर धोका असते न मॅडम. हजार माणूस मागं बसलेलं असते. पोट्टी रांगत होती तवापासून आवाज नाही केला तिनं."

मी मान डोलावली. आणि त्याच वेळी माझ्या बिघडलेल्या घशाने घात केला. मी खोकले. दाबायला गेले तशी ढास वाढली आणि त्या निश्शब्द घरात ती पत्र्यावर दगड पडावेत तशी वाजत राहिली. आईचा चेहरा पांढरा पडला. आतल्या खोलीतून पलंग करकरला.

"कोन खोकलून राहिलं?"

बनियनवर टॉवेल टाकून वानखेडे बाहेर आले. रुंद खांदे, डोळ्यांखाली काळी वर्तुळे. मला पाहून त्यांनी टॉवेल सावरला. मी उठून हात जोडून माफी मागू लागले.

"बसा हो मॅडम. मी तं जागाच होतो," ते म्हणाले.

"काहून खोटं बोलता?" बायको म्हणाली. "घोरून राहिले होते."

"घोरणारा माणूस जागा नसते काय?" ते म्हणाले आणि पाण्याचा तांब्या उचलला. "पोट्टीनं काही केलं का, मॅडम?"

डॉक्टरांचे बजावणे मोडून मी कुजबुजत सगळे सांगितले. सुमित्राचे हाड, क्लब, शेवटचा सामना. कांचन स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी होती, पायाच्या नखाने फरशी खरवडत. वानखेड्यांनी सगळे ऐकून घेतले. शेवटी तिच्याकडे वळून म्हणाले, "तुले दिसत होता का चेंडू?"

"हाँ, पापा."

"सुमित्रा दिसत होती?"

"हाँ."

"मग सांगितलं काहून नाही?"

फरशीकडे पाहत ती म्हणाली, "मुझे लगा उसको भी दिख रहा होगा."

वानखेड्यांनी तांब्या खाली ठेवला. मग मला म्हणाले, "मॅडम, आमच्या इंजिनात दोघं असतो. मी अन् असिस्टंट. सिग्नल आला का तो हात वर करून जोऱ्यानं सांगते. मी बी हात करतो अन् तेच परत सांगतो. त्याले बी डोळे आहे, मले बी आहे. दोघाइले दिसून राहिलं असते. तरी सांगा लागते. नाही सांगितलं, तं पाह्यलंच नाही असं धरतात." मग जणू स्वतःलाच विचारत म्हणाले, "हे मी घरात कधी सांगितलंच नाही काय?"

"तुम्ही घरात झोपताच तं," बायको म्हणाली.

ते उठले. टॉवेल खुर्चीवर ठेवला, खिडकीकडे तोंड केले, जणू पलीकडच्या लिंबाच्या झाडावर काही उजळले होते. उजवा हात सरळ वर गेला.

"होम सिग्नल, हिरवा."

तो आवाज मी विसरणार नाही. तो ओरडणे नव्हता. त्यात राग नव्हता, घाई नव्हती. पोटातून निघालेला, रुंद, लोखंडी, सरळ रुळावरून जाणारा. कपाटावरचा कुकर थरथरला. शेजारच्या क्वार्टरची खिडकी उघडली. आईच्या हातून झारा पडला आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्या घरात पडलेल्या झाऱ्याकडे कुणी पाहिले नाही. कांचन वडिलांकडे बघत होती, जणू एवढी वर्षे झोपलेला माणूसच तिने पाहिला होता आणि हा दुसरा कुणी आज पहिल्यांदा घरी आला होता. रोज रात्री हा आवाज रायपूरहून निघून अंधारातल्या स्टेशनांवरून जात होता आणि त्याला विश्रांती मिळावी म्हणून हे घर गप्प राहत होते.

"आता तू," ते म्हणाले.

"हिरवा," कांचन पुटपुटली.

"ऐकू नाही आलं. इंजिनात लय आवाज असते."

"हिरवा."

"गाडी गेली पुढं," ते म्हणाले आणि हसले. "उद्या रेस्ट आहे माझी. मैदानात येतो. इथं तुही माय मले घराबाहेर काढीन."

ते आले. इस्त्रीचा शर्ट, पायात ड्यूटीचे काळे बूट. पेनल्टीच्या ठिपक्यावर उभे राहून त्यांनी हात वर केला आणि रंग सांगितला. तिने चौकटीतून हात वर करून तो परत सांगितला. मग ते दहा पावले मागे गेले. मग आणखी. मैदानाच्या मध्यापर्यंत गेले तेव्हा मुलींचे हसणे थांबले होते, कारण कांचनचा आवाज त्यांच्यामागे चालत मैदानाच्या मध्यापर्यंत पोचला होता. त्यात वडिलांचे लोखंड नव्हते. तो उंच, स्वच्छ, पितळेच्या लोट्यावर नख मारल्यासारखा होता. मी रेषेवर उभी होते आणि मला शिबूदांच्या दातांतली बिडी आठवली. ती कशी फिरते ते त्या दिवशी मला आतून कळले.

वडिलांना परत सांगणे मात्र सोपे होते. अवघड ते पुढेच होते. वडिलांनी काही न सांगता, जे आपल्याला दिसते ते आपणच आधी म्हणायचे, आणि तेही मोठ्या मुलींना, हुकमाच्या स्वरात. चेंडू हवेत गेला की तिचा हात वर जाई आणि ओठ अर्धे उघडून थांबत. सुमित्रा गळ्यात झोळी बांधून रोज येऊन बसत असे. ती तिथून ओरडे, "मोला समझ के बोल न ओ. ए हाड तोरे बर टूटे हे, अब तो बोल." समोर मीच आहे असे समजून बोल, हे हाड तुझ्यासाठीच मोडले आहे, आता तरी बोल. सगळ्या हसत. कांचनही हसे, आणि पुढचा चेंडू पुन्हा मुकाट्यानेच पकडे.

तरीही मी तिचे नाव शेवटच्या सामन्यासाठी दिले. मुख्य प्रशिक्षकांनी भुवया उंचावल्या. मी घशाकडे बोट दाखवून न बोलण्याची सवलत घेतली.

तो सामना आम्ही हरलो. पेनल्टीवर एकच गोल झाला, त्याला कुणाचाही इलाज नव्हता. पण त्या दिवशी ज्यांनी तो पाहिला ते हरण्याबद्दल बोलत नाहीत. संपूर्ण दीड तास आमच्या चौकटीतून एक आवाज येत होता, पितळेचा, नेमका, आणि त्याच्या तालावर चार मुली अशा हलत होत्या की जणू त्यांच्या पाठींना खरेच डोळे फुटले होते. निवडकर्ते सामना संपल्यावर माझ्याकडे आले. "आज तो मैं आँख बंद करके भी बता देता, गेंद कहाँ है," ते म्हणाले आणि तिच्या वडिलांचा नंबर मागितला. वडील तेव्हा गाडीवर होते. संध्याकाळी कुठल्याशा स्टेशनावरून त्यांचाच मला फोन आला. त्यांनी निकाल विचारला नाही, क्लबचेही विचारले नाही.

"आवाज आला काय, मॅडम?"

"आला," मी म्हटले. घसा बरा झाल्यावर मी मोठ्याने उच्चारलेल्या पहिल्या काही शब्दांपैकी तो एक असावा.

आज कांचन दक्षिणेत खेळते. माझा खांदा पहिल्यांदा जिथे निखळला, त्याच प्रदेशात. या गोष्टीची मला थोडी असूया वाटते आणि पुष्कळ अभिमान. रायपूरमध्ये मुलींना आजही फार थोडी मैदाने आहेत. कितीतरी हातांना चौकटच मिळाली नाही, त्यांची हळहळ माझ्यासोबत राहील. कांचनचे सामने मी पाहते ते डोळे मिटून, कारण दूरदर्शनच्या समालोचकांच्या मागे, अगदी तळाशी, तिचा आवाज मला ऐकू येतो.

पण कुणी विचारले की तुमच्या एवढ्या वर्षांतला सर्वांत मोठा क्षण कोणता, तर मी त्या सामन्याचे नाव घेणार नाही. तो क्षण सामन्याच्या आदल्या सकाळचा आहे.

धुके दाट होते. धानाचा वास इतका जड की जिभेवर यावा. सुमित्रा अजून झोळीत, म्हणून तिच्या जागी, कांचनच्या पुढ्यात, मी स्वतः उभी राहिले होते. कोपऱ्यात चेंडूवर पाय पडल्याचा आवाज आला, भरीव, जांभळा. तेवढ्यावरून मला कळले की हा उंच आहे, आत वळणारा आहे आणि नेमका तिथे उतरणार आहे जिथे सुमित्राचे हाड मोडले होते. माझ्या आणि कांचनच्या मधोमध. माझ्या शरीराने मला विचारले नाही. ते चेंडू घ्यायला निघाले. टाचा उचलल्या गेल्या, वाकडी करंगळी सरळ होऊ पाहू लागली, दुखरा खांदा वर आला. मी तिची कोच होते, तिच्या आईच्या वयाची होते, आणि तो चेंडू इतक्या वर्षांच्या सवयीने माझा होता. धुके फाटले. तेव्हा माझ्या पाठीमागून, अगदी जवळून, दीदी न म्हणता, विनंती न करता, तो शब्द आला आणि माझे पाय डोक्याला न विचारता बाजूला झाले.

"छोड़."